राजाचं लाकूड थरथरत नाही

"अख्खी सतार शिसवीची! आतून-बाहेरून, वरून-खालून, भरभक्कम शिसव!" वाघोजीराजे गरजले. "आणि तिचा आवाज दरबाराच्या शेवटच्या खांबाशी बसलेल्या आमच्या आत्यासाहेबांना ऐकू गेला पाहिजे!"

सतारी घडवणारा सटवाजी जागच्या जागी पांढरा पडला. आत्यासाहेबांना जेवायला हाक मारायची, तर नगारा वाजवावा लागे!

"महाराज, सतारीला खाली भोपळा लागतो..."

"भोपळा? राजाच्या सतारीला भाजी जोडतोस?"

"आणि वरची फळी हलक्या तुनाच्या लाकडाची..."

"हलकं लोकांसाठी! शिसव हे राजाचं लाकूड. शिसव म्हणजे आम्हीच! दसऱ्याला सतार वाजली नाही, तर तुझ्या कारखान्यात आमची बदकं राहतील!"

काळमपुरात जे जड ते राजाचं. त्याचा मुकुट इतका जड, की मागे एक सेवक तो धरून उभा असे. चमचा इतका जड, की आमटी तोंडाशी येईपर्यंत गार होई.

सटवाजी घरच्या कारखान्यात आला. त्याची मुलगी भिवरा भोपळा घासत बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि भोपळा बाजूला ठेवला.

"मग तुम्ही काय म्हणालात, बाबा?"

"होय म्हणालो."

"होय?"

"राजाला होयच म्हणतात, पोरी," कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर कोंडाकाका म्हणाले. "माझे आजोबाही होयच म्हणत."

"आणि काका, आजोबांच्या काळीही शिसवीची फळी अशीच वाजायची?" भिवराने एक जाड तुकडा उचलून त्यावर बोटाने टकटक केली. ठक! मग तुनाची पातळ फळी वाजवली. ती घूंऽऽ करून घुमली. "तार छेडली की वरची फळी थरथरते, तेव्हा सतार बोलते. शिसव दांडीला छान, ताठ राहते. पण तिची वरची फळी करायची म्हणजे रेड्याला फुगडी घालायला लावणं!"

"मोठ्यांमध्ये बोलू नये," कोंडाकाका म्हणाले.

"मग मोठ्यांनी बोला ना! बोलत का नाही?"

मोठ्यांनी शिसव तासायला घेतली. भिवराने कोपऱ्यात बसून आपली वेगळी सतार केली: दांडी शिसवीची, खाली भोपळा, वर तून.

दसरा उजाडला. पालखीचे भोई राजसतार उचलून दरबारात आले आणि तिथेच धापा टाकत बसले. दरबारी वादकाने सतार मांडीवर घेतली. पहिला सूर त्याच्याच तोंडून निघाला, "आई गंऽऽ!"

मग त्याने तार छेडली. ठक. पुन्हा छेडली. ठुक.

शेवटच्या खांबापासून आत्यासाहेबांनी विचारलं, "अरे, सुरू कधी करणार?"

राजाचे कान लाल झाले. "बदकं आणा!"

बदकं दारातच उभी होती. पहिलं बदक आत शिरलंसुद्धा!

"थांबा!" आपली सतार खांद्यावर घेऊन भिवरा पुढे आली. "महाराज, बाबांनी ही सतार मुद्दाम मुकी ठेवली. तुमची अब्रू राखायला!"

सटवाजीने डोळे मिटून घेतले. राजाने मात्र बदकं थांबवली. "आमची अब्रू?"

भिवराने दारातल्या रांगोळीची चिमूट आपल्या सतारीच्या फळीवर भुरभुरली आणि तार छेडली. रांगोळीचे कण टणाटण नाचायला लागले.

"पाहिलंत, महाराज? सतार बोलायची तर फळीला थरथरावं लागतं. वादकाने एक बोट लावलं, की थरथर! आता शिसव म्हणजे तुम्हीच. दसऱ्याच्या भरदरबारात, सगळ्यांच्या देखत, एका बोटाने राजाचं लाकूड थरथरलं असतं तर? माझ्या बाबांनी हे पाप करायचं?"

"शिसव थरथरत नाही!" राजा ओरडला.

"मुळीच नाही, महाराज! म्हणून तर सतार बोलत नाही."

राजा विचारात पडला. मुकुट पुढे घसरला, सेवकाने मागे ओढला.

"मग थरथरायचं कुणी?"

"हलक्याने! तून थरथरेल, भोपळा घुमेल आणि शिसव दांडीत ताठ उभी राहील. दरबारात नाही का, तुम्ही ताठ बसता आणि तुमच्या नावाने चोपदार बोंबलतो!"

चोपदाराने छाती फुगवली. राजाने मिशीवर हात फिरवला. "वाजवा!"

वादकाने भिवराची सतार घेतली. यावेळी तोंडून 'आई गं' आलं नाही. तार छेडली आणि सूर खांबाखांबावरून गिरक्या घेत असा गेला, की बदकंसुद्धा माना वळवून बघायला लागली.

"अरे हळू रे!" शेवटच्या खांबापासून आवाज आला. "मी काय बहिरी आहे?"

राजा हसला. इतका हसला, की पोटापासून मिशीपर्यंत सगळा थरथरला. दरबाऱ्यांनी छताची नक्षी बघायला घेतली.

"सटवाजी, कारखाना तुझाच! आणि पोरी, इथून पुढे आमच्या वाद्यांचं लाकूड तू निवडायचंस. हे घे बक्षीस, दसऱ्याचं सोनं!" असं म्हणून राजाने आपट्याचं पान काढून तिच्या हातावर ठेवलं.

भिवराने पान तळहातावर तोललं. फुंकर मारली. पान भिरभिरत जाऊन बदकाच्या पाठीवर बसलं.

"महाराज, राजाच्या हातचं सोनं आणि इतकं हलकं?"

सटवाजीने पुन्हा डोळे मिटले. पण राजा सिंहासनावर हात आपटून आपटून हसत होता! हसता हसताच त्याने गळ्यातला सगळ्यात जाड सोन्याचा कंठा काढला आणि भिवराच्या गळ्यात घातला.

ती वजनाने पुढे झुकली. "हां," ती म्हणाली, "आता वाटतंय राजाचं!"