भन्तेंची तेवीस पत्रं

“मग आता हे यंत्र मला काय काय दाखवणार?”

ओट्यावर बसलेल्या भन्ते शीलवंतांनी विचारलं आणि हात पुढे केला. प्रशिकने त्या हातावर मोबाईल ठेवला.

वैनगंगेच्या काठी, टेकडीवरच्या त्या लहानशा विहारात प्रशिक गजभिये सहा वर्षांनी आला होता. शाळेत असताना दर रविवारी तो इथे गणित शिकायला यायचा. शिकवायचे भन्तेच. पुढे तो पुण्याला गेला, चांगल्या नोकरीला लागला, आणि इकडे काचबिंदूने भन्तेंची नजर गेली. ते कळलं त्या दिवशी प्रशिकने मनाशी ठरवलं, भन्तेंना पुन्हा दिसेल असं काहीतरी करायचं.

आणि त्याने ते केलं होतं. मोबाईलचा कॅमेरा जिकडे वळवावा तिकडचं सगळं मराठीत बोलून सांगणारं ॲप. आठ दिवसांनी ते लोकांच्या हाती जाणार होतं. त्याआधी भन्तेंनी ते वापरावं, त्या क्षणाचा त्यांचा चेहरा टिपावा आणि तो व्हिडिओ सगळीकडे टाकावा, असं कंपनीत ठरलं होतं. कल्पना प्रशिकचीच. त्यासाठी दुसरा मोबाईल त्याने समोर स्टँडवर लावूनच ठेवला होता.

भन्तेंनी हातातला मोबाईल अंगणाकडे वळवला.

“समोर पिंपळाचं झाड आहे. पारावर एक मांजर झोपलं आहे,” यंत्र म्हणालं.

“अस्सं,” भन्ते म्हणाले. “म्हणजे दूध कोण पितं ते कळलं.”

मग नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखे ते मोबाईल फिरवत राहिले. दोरीवर चीवर वाळतं आहे, हे कळलं. खांबाचा रंग उडाला आहे, हेही कळलं. गेल्याच वर्षी तर दिला होता, म्हणाले. शेवटी त्यांनी मोबाईल प्रशिककडे धरला.

“समोर एक तरुण आहे. त्याने चष्मा लावला आहे. तो मोबाईलकडे बघतो आहे.”

“म्हणजे प्रशिक अजून पोचायचा आहे,” भन्ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसले.

प्रशिकही हसला. पण त्याचे कान तापले. भन्तेंच्या चेहऱ्यावर उजेड नीट पडतोय का, ते तो स्टँडवरच्या मोबाईलमध्ये बघत होता.

भन्ते उठले. भिंतीला हात लावत आत गेले आणि पत्र्याच्या पेटीतून एक जुडगा घेऊन आले. नजर गेल्यापासूनच्या तीन वर्षांत आलेली तेवीस पत्रं होती ती. घरात बोलता येत नाही ते लोक भन्तेंना लिहायचे. वाचून दाखवायला गावातली कितीतरी माणसं तयार होती. पण ज्याने लिहिलं त्याने ते दुसऱ्या कुणासाठी लिहिलं नव्हतं. म्हणून भन्तेंनी एकही पाकीट कुणाला फोडू दिलं नव्हतं.

“हे वाचेल?”

“अक्षर कसंही असू दे भन्ते. वाचेल.”

प्रशिकची छाती फुगली. त्याने ठरवलं होतं त्याहून हे फारच सुंदर होतं. त्याने दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

भन्तेंनी पहिलं पाकीट फोडलं. कागद उलगडून मांडीवर पसरला. मोबाईल त्यावर धरला... आणि एकाएकी कागदावर तळहात ठेवला.

“वाचून झालं की हे विसरतं ना?”

...

प्रशिकने स्टँडवरच्या मोबाईलवरची नजर काढून भन्तेंकडे पाहिलं.

ते विसरत नव्हतं. जे वाचलं ते सगळं कंपनीकडे जायचं, साठायचं, आणि त्यावर यंत्र आणखी शिकायचं. चोरून काही नव्हतं; सुरुवातीलाच परवानगी मागितली जायची. ‘मान्य’चं बटण मोठं, हिरवं होतं. ‘नको’ त्याच्याखाली, बारीक, करड्या अक्षरांत. मोबाईलवरचा तो परवानगीचा पडदा प्रशिकनेच आखला होता. शंभरातली अठ्ठ्याण्णव माणसं हिरवं बटण दाबतात, म्हणून कंपनीत त्याची पाठही थोपटली गेली होती.

भन्तेंच्या वतीने ते बटण सकाळी त्यानेच दाबलं होतं.

“नाही भन्ते,” तो म्हणाला. “ठेवून घेतं.”

“किती दिवस?”

“कायमचं.”

आता रागावतील, असं त्याला वाटलं. भन्ते रागावले नाहीत. यंत्र हुशार आहे, प्रशिकलाही पाढे असेच एकदा सांगितले की पुरायचे, एवढंच बोलले. मग त्यांनी कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली आणि जुडग्याला पुन्हा दोरा बांधला.

बोलणी खाल्ली असती तर बरं झालं असतं, असं प्रशिकला वाटलं.

मग त्याने विचारलं, “भन्ते, नववीत असताना मी तुम्हांला एक गोष्ट सांगितली होती. आठवते?”

शिष्यवृत्तीच्या परीक्षेत कॉपी केल्याचं त्याने याच ओट्यावर रडत रडत सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आपणहून मुख्याध्यापकांपुढे जाऊन उभाही राहिला होता. भन्तेंनी तो विषय पुन्हा कधी काढला नव्हता.

“कोणती?” भन्ते म्हणाले.

चेहरा स्वच्छ पुसलेल्या पाटीसारखा. खरंच विसरले होते, की... प्रशिकला कळेना. इतकी वर्षं आपण याच चेहऱ्याच्या भरवशावर निर्धास्त होतो, हे मात्र त्याला कळलं.

तो उठला. स्टँडवरचा मोबाईल बंद केला, टिपलेलं सगळं पुसलं आणि लॅपटॉप घेऊन पारावर जाऊन बसला. मांजर हललं नाही, म्हणून कडेला टेकला.

ॲपची एक जुनी आवृत्ती होती. ती सगळं काम मोबाईलच्या आतच करायची, बाहेर काही पाठवायची नाही. फार हळू चालते म्हणून तिला बाजूला टाकलं होतं. प्रशिकने ती शोधून काढली.

मध्येच त्याने पुण्याला नीलाक्षीला फोन लावला. ती त्याची वरिष्ठ. व्हिडिओ मिळणार नाही, हे त्याने आधी सांगितलं. मग हेही सांगितलं, की ‘नको’चं बटण ‘मान्य’एवढंच मोठं होईपर्यंत ॲप लोकांना द्यायच्या मंजुरीवर मी सही करणार नाही. ती चिडली. तारीख जाहीर झाली आहे, म्हणाली. प्रशिकने तेवीस पत्रांचं सांगितलं, जुन्या आवृत्तीचंही सांगितलं. शेवटी तिने एवढंच विचारलं, की ही जुनी आवृत्ती सगळ्यांना देण्याजोगी करायला किती दिवस लागतील. दोन महिने, तो म्हणाला. दीड देते, असं म्हणून तिने फोन ठेवला.

प्रशिकला एकदम हलकं वाटलं. त्याने मोबाईलचं इंटरनेट बंद केलं, एक जुनं वर्तमानपत्र वाचायला लावलं, ॲप मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. आत काही उरत नव्हतं.

“आता विसरतं,” त्याने भन्तेंना सांगितलं. “पण हळू वाचेल. अडखळेल.”

“मग आमचं जमेल,” भन्ते म्हणाले.

ते पत्रं घेऊन आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

प्रशिक बाहेर ओट्यावर बसला. दाराआडून यंत्राची पुटपुट येत होती, शब्द कळत नव्हते. मग शांतता... कागदाची सळसळ... पुन्हा पुटपुट. एका पत्रानंतर शांतता फार लांबली. त्यापुढच्या पत्राला भन्ते हसले.

आधी थोडं. मग पोट धरून. प्रशिकने एखादं गणित अगदीच नव्या तऱ्हेने चुकवलं, की ते असे हसायचे. ते हसू त्याने सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. कशाला ते ठाऊक नसताना तोही हसायला लागला. हसता हसता चष्मा काढून त्याने डोळे पुसले.

उन्हं कलल्यावर भन्ते बाहेर आले. पापण्या ओल्या होत्या, चेहरा फुलला होता. तेवीसही पत्रं झाली, म्हणाले. पाच-सहा जणांना आजच, वेडीवाकडी का होईना, स्वतःच्या हाताने उत्तरं लिहायला हवीत.

“एवढं हसलात भन्ते... काय होतं पत्रात?”

भन्तेंनी मोबाईल त्याच्यापुढे धरला.

“यंत्राला विचार.”