दोर धरणाऱ्याचा मणी

हळू बोला, अन् काठापासून जरा मागं या. खाली कड्याच्या पोटात आग्या मोहळं आहेत. त्यांना पाहुणेरावळे कळत नाहीत. माझ्या मनगटावरच्या या काळ्या मण्याकडं सारखं बघताय, तर सांगतो. नजर लागू नये म्हणून नाही तो. मी दोर धरणारा आहे, मध काढायला कड्याखाली उतरणाऱ्याचा दोर वरून धरतो.

शास्त्री लोक मनगटाला मणिबंध म्हणतात. मणी बांधायची जागा. बरोबरच आहे त्यांचं. पण पहिला मणी कुणी बांधला अन् कुणाला, ते आमच्या कड्याला विचारा.

फार मागं, असं सांगतात, या गावात चिमा नावाची नवी सून होती. हंगामातल्या पहिल्या मोहळाचा मध कड्यावरच्या देवीला, कडजाईला वाहिल्याशिवाय दुसऱ्या मोहळाला कुणी हात लावायचा नाही, ही रीत. त्या साली पहिलं उतरायचा मान आला चिमाच्या नवऱ्याकडं, बुधाकडं. त्याचा दोर धरणारा सख्खा भाऊ तापानं अंथरुणाला खिळलेला. बुधाचं वजन पेलेल असा गडी एकच उरला, चुलतभाऊ खेमा. आणि शेताच्या बांधापायी त्या दोघांत विस्तव जात नव्हता!

जाणती माणसं म्हणाली, "वैऱ्याच्या हाती जीव देतोस? खुळा की काय?" पण सारं गाव खोळंबलेलं. बुधा मागं सरेना.

तेव्हा चिमानं सगळ्यांदेखत गळ्यातली पोत तोडली. बाया 'अगं अगं' करत धावल्या. तिनं एक मणी घेतला, खेमाच्या मनगटावर बांधला आणि म्हणाली, "भावजी, माझं कुंकू आता इथं आहे. ते वर आले की मग भांडा खुशाल."

खेमानं, म्हणे, दोराचा वेढा त्याच मनगटाला दिला अन् पाय रोवले.

बुधा अर्ध्या कड्यावर असताना वारा फिरला. धूर उलटला, माश्या उठल्या त्या थेट वर. माणसं घोंगड्या ओढून पळाली. खेमा पळाला असता तरी कोण काय बोलणार होतं? पण नाही पळाला. अंगभर माश्या घेऊन त्यानं बुधाला काठावर ओढलं, मगच खाली बसला. तो उठलाच नाही. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बुधानं हंबरडा फोडला. दोर सोडवला, तर मणी मनगटाच्या सांध्यात रुतलेला. चिमानं तो काढू दिला नाही. "दिलाय मी त्यांना," म्हणाली.

आजही आमच्याकडं मंगळसूत्रात एक मणी कमी ओवतात. तो खेमाचा. आजही उतरणाऱ्याची बायको दोर धरणाऱ्याला आपला मणी बांधते, नवरा सुखरूप वर आला की परत नेते. बांधायला आली तर नाही म्हणता येत नाही. हा सकाळी शेजारच्या गोदीनं बांधला. तिच्या नवऱ्याशी माझं बोलणं नाही. त्याच्या मयतीलाही जाणार नाही, असं भर चावडीत बोलून बसलोय मी.

तो बघा, कंबरेला दोर बांधून आला. मला हाक मारायचा नाही, नुसता हिसका देईल. सरका बाजूला, पाय रोवू द्या मला.