राजाचं शिसं

पुष्कळ, पुष्कळ जुनी गोष्ट. तेव्हा राजे होते, राण्या होत्या, समुद्र मात्र हाच होता. त्याच्या काठी गळाने मासे धरणाऱ्यांचं एक गाव होतं. त्या गावाची एक रीत आधी नीट ऐकून घ्या मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीसुद्धा. रीत कळली नाही तर पुढचं सगळं फुकट.

गावासमोरचा समुद्र नुसता खडकांनी भरलेला. गळ तळापर्यंत जायचा तर दोरीच्या टोकाला वजन हवं. हे वजन म्हणजे ओढ्यातला एखादा अंड्याएवढा गोटा. तो खाली गेला की कुठल्या ना कुठल्या फटीत हमखास अडकायचा. म्हणून रीत अशी, की दोरी चांगली मजबूत तागाची, पण गोटा तिला बांधायचा तो कच्च्या सुताने. गोटा अडकला की एक हिसका द्यायचा. सूत तुटायचं, गोटा तळाशी राहायचा, आणि दोरी, गळ, गळाचा मासा असं सगळं सुखरूप वर यायचं.

हे सूत घरोघरच्या बाया काढत. म्हाताऱ्या ते दोन्ही हातांत धरून ताणून बघत. पटकन तुटलं तर शाबासकी. नाही तुटलं तर म्हणत, "हे पाळण्याला बांध गं, गळाला नको." परगावाहून आलेल्या नव्या सुनेला यातलं काही म्हणजे काही उमगत नसे. आईने जन्मभर पक्कं सूत काढायला शिकवलेलं, आणि इथे सगळं उलटंच.

या गावात धाकू नावाचा एक जण होता. हाताचा मोठा कुशल. त्याची बायको आवडी. होडी दोघांची मिळून होती. मागच्या टोकाला पाण्याकडे तोंड करून धाकू बसायचा आणि दोरी सोडायचा. पुढे आवडी वल्ही धरायची. सगळ्या काठावर होडी एका जागी तिच्यासारखी कुणाला धरता येत नसे. मासा लागला की धाकू मान वळवून हसायचा, आणि ती म्हणायची, "हसणं पुरे, ओढा आधी." असं त्यांचं बरं चाललं होतं.

एकदा राजा किनाऱ्याने फिरत फिरत आला. गावाने त्याला जेवू घातलं. ताटात धाकूने धरलेली तांबोशी होती. राजाने ती काट्यापर्यंत साफ केली, धरणाऱ्याचं नाव विचारलं आणि निघून गेला. काही दिवसांनी त्याचा कारभारी मखमलीच्या कापडात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. उघडून बघतात तर गळाचं वजन. शिशाचं, माशाच्या आकाराचं, पाठीवर राजाची मोहोर.

"महाराजांची खूण आहे. जपून वापर," असं म्हणून कारभारी घोड्यावर बसला. आता जपायचं की वापरायचं, ते काही त्या भल्या माणसाने सांगितलं नाही.

झालं. धाकूच्या घरी रीघ लागली. ज्या गावाने आजवर ओढ्यातले गोटेच पाहिले, त्या गावात शिशाचा मासा. लोक हातात घेऊन बघत आणि म्हणत, "बापरे, केवढं जड." धाकू ते रोज तेलाने पुसायचा आणि खुंटीला टांगायचा. आवडीला त्याचं हसू यायचं, पण नवरा खूश आहे म्हटल्यावर ती काही बोलली नाही.

पण लोक किती दिवस नुसतं कौतुक करतील? हळूहळू कुणी विचारू लागलं, "काय रे, राजाने हे भिंतीला दिलं की तुला?" धाकूला ते झोंबलं. आणि खरं सांगायचं तर त्याचेही हात शिवशिवत होते. खडकांच्या दोन रांगांमध्ये एक खिंड होती. तिथे मोठी मासळी असायची, पण पाण्याला ओढ इतकी की गोटा तळाशी जायच्या आत वाहून जायचा. शिसं मात्र सरळ गेलं असतं.

गावचा म्हातारा तांडेल गोमाजी. सगळ्या होड्या त्याच्या शब्दावर निघत. तो धाकूला एवढंच म्हणाला, "बांध की. कुणाच्या बापाची भीती नाही. पण दोरा आपला रीतीचाच घाल."

"रीतीचाच घालणार," धाकू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवडीने नवं काढलेलं सूत त्याच्या हातात दिलं आणि ती वल्ही आणायला गेली. धाकू होडीशी एकटा उरला. त्याने सूत बोटांवर ताणलं, ते लगेच तुटलं. गोटा गेला तर ओढ्यात गोट्यांना काय तोटा? हे गेलं तर कुठून आणायचं? उद्या राजा आला आणि म्हणाला, दाखव माझी खूण, तर काय दाखवायचं? त्याने तागाची दोरी घेतली, तिला तिपेडी पीळ घातला, वरून राळ चोळली आणि शिसं तिनेच आवळून बांधलं. आवडी परत आली तेव्हा तो साळसूदपणे आकाशाकडे बघत होता.

होडी खिंडीत गेली. शिसं सरळ तळाला गेलं, आणि काय सांगू, एकामागून एक तांबोशी वर येऊ लागली. लालबुंद, हातभर लांब. धाकूला राजाचा, शिशाचा आणि स्वतःचा, तिघांचाही फार अभिमान वाटू लागला. भरती लागायची वेळ झाली तरी त्याचा पाय निघेना.

"अहो, पाणी फिरलं. चला आता," आवडी म्हणाली.

"एकदाच टाकतो," धाकू म्हणाला, आणि त्या खेपेला शिसं अडकलं.

आवडीला दोरी ताणलेली दिसली. ती सहज म्हणाली, "द्या हिसका. जाऊ दे त्याला."

धाकूने हिसका दिला, पण उगीच दिल्यासारखा. दोरी तशीच राहिली. खिंडीतून पहिली लाट आत आली, होडी उचलली गेली आणि मागचं टोक खाली खेचलं गेलं. थोडं पाणी आत आलं.

"जोराने द्या की. सूत आहे ते, आत्ता तुटेल."

धाकूने दोरी चाचपली. मग तिच्याकडे न वळता म्हणाला, "सूत नाहीये."

"म्हणजे?"

"दोरीच घातलीय. तिपेडी."

आवडीचे हात वल्ह्यांवर थिजले, पण क्षणभरच. थांबली असती तर होडी आडवी होऊन खडकावर गेली असती. "मग सोडा दोरी," ती म्हणाली. "सगळीच्या सगळी सोडा."

"तू जरा पलीकडून फिरव होडी. उलट बाजूने ओढलं की सुटतं. मला ठाऊक आहे."

तिने सगळी ताकद लावून होडी फिरवायला घेतली. ढील पडू नये म्हणून धाकूने दोरी होडीच्या मागच्या खुंटीला वेढली आणि वेढ्यावर हात दाबून धरला. तेवढ्यात दुसरी लाट आली. होडी वर गेली, दोरी ताणली, आणि धाकूची बोटं वेढ्यात खुंटीशी चिरडली. त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. आता सोडायची म्हटलं तरी दोरी सुटणार नव्हती. ती कापायलाच हवी होती.

आमिष कापायची सुरी त्याच्या डाव्या हाताशी पडली होती. आवडीला ती दिसत होती, पण तिला वल्ही सोडता येत नव्हती.

"सुरी घ्या. कापा."

धाकूने सुरी उचलली. पातं दोरीला टेकवलं. आणि तिथेच त्याचा हात अडला. पाण्याखाली ती मोहोर होती, आणि गावातलं प्रत्येक तोंड त्याला विचारणार होतं, कुठे गेलं रे राजाचं शिसं? त्याला वाटलं, एक लाट बघू. एका लाटेने सुटलं तर सुटलं.

लाट आली. होडीत घोटाभर पाणी झालं. धरलेल्या तांबोश्या पुन्हा पोहू लागल्या.

"कापा, अहो," आवडी म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता.

"सुटतंय. थोडं ढिलं झालंय. आणखी एक."

आणखी एक आली. पाणी गुडघ्याला लागलं. आणि लग्न झाल्यापासून ज्या बाईने नवऱ्याला कधी एकेरी हाक मारली नव्हती ती ओरडली, "काप म्हणते ना तुला."

एक मोठी लाट त्या ओरडण्यावरच कोसळली. होडी मागे खेचली गेली, पुढचं टोक हवेत उडालं आणि आवडी वल्ह्यासकट बाहेर फेकली गेली.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला तेव्हा धाकूने मान वळवली. आवडी बसायची ती फळी रिकामी होती. मग मात्र त्याने दोरी कापली. एका फटक्यात कापली. इतका वेळ जे होत नव्हतं त्याला डोळा मिटायचाही अवकाश लागला नाही.

होडी सुटली आणि पाण्याच्या ओढीने खिंडीबाहेर निघाली. एक वल्हं उरलं होतं. चिरडलेल्या हाताने धाकू ते वेड्यासारखा मारत होता आणि आवडीच्या नावाने हाका घालत होता. ती खडकाला चिकटलेली दिसली. प्रत्येक लाट तिला घासत वर नेत होती आणि घासत खाली आणत होती. त्याने होडी कशी नेली ते त्याचं त्यालाच आठवत नाही. तिला आत ओढली तेव्हा तिचे तळवे आणि गुडघे शिंपल्यांच्या धारेने सोलून निघाले होते. ती जिवंत होती. धाकू किनारा येईपर्यंत रडत होता.

गावाने धाकूला शिशाबद्दल विचारलं. दोन दिवस विचारलं, मग विसरलं. राजाने कधी निरोपही पाठवला नाही. धाकूची दोन बोटं वाकडीच राहिली, आवडीच्या जखमा भरल्या, आणि घर पहिल्यासारखं चालू लागलं. ती रांधायची, वाढायची, शेजारणींशी हसायची. सूतही काढून द्यायची. पण होडी पाण्यात लोटायची वेळ आली की ती दारातच थांबायची. धाकू एकटाच जायचा. एकट्याला खडकांपर्यंत जाता येत नाही, म्हणून तो काठालगत गळ टाकायचा आणि चार बारीकसारीक मासे घेऊन यायचा.

वर्ष गेलं. एका सकाळी तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चल की गं आता. पुन्हा कधी पक्की दोरी बांधणार नाही. शपथ घेतो."

"तुम्ही दोरी बांधलीत त्याचा मला राग नाही," आवडी म्हणाली. "हौस होती, बांधलीत. पण सुरी तुमच्या हातात होती. एक लाट आली, गेली. दुसरी आली, गेली. तुम्ही दोरीकडे बघत होतात आणि मी तुमच्या पाठीकडे. मला सारखं वाटत होतं, आता तरी वळून बघाल."

धाकू एकटाच किनाऱ्यावर गेला, आणि त्या होडीची पुढची फळी त्यानंतर कायम रिकामी राहिली.

म्हणून सांगतो, वस्तू कच्च्या दोऱ्याने बांधावी आणि पक्का दोरा माणसांसाठी राखून ठेवावा.