दुसऱ्याच्या पानात बघणं

“मग इथंच तो बरा कसा राहतो, बाबा?”

त्र्यंबक गुरुजींचा आवाज जरा चढलाच होता. मुख्याध्यापक माणूस. उत्तर मिळेपर्यंत समोरच्याला सोडायचं नाही, ही जन्माची सवय. मठातल्या बाबांचे ते जुने शिष्य, आणि हे चारचौघांत सांगायलाही त्यांना आवडे.

त्यांच्या धाकट्या भावाला, शरदला, स्किझोफ्रेनिया होता. दवाखान्यातून तो सुधारून घरी येई. काही महिने गेले की पुन्हा कानात आवाज, पुन्हा दार लावून बसणं, पुन्हा दवाखाना. या खेपेला डॉक्टरांना विचारून गुरुजींनी त्याला मठात ठेवलं होतं. वर्ष सरलं, पण दुखणं उलटलं नाही.

आज ते त्याला घरी न्यायला आले होते. मनात धाकधूक होती.

“अंगारा देता का त्याला?”

“तू पाठवतोस त्याच गोळ्या देतो. रोज घेतो बिचारा.”

“आणि मंत्र वगैरे?”

“नाही.”

“मग घरी आम्ही काय कमी करतो? मी स्वतः समोर बसून त्याला जेवू घालतो. झोपला का, आंघोळ केली का, एकटाच पुटपुटला का... नजर हटत नाही माझी त्याच्यावरून!”

यात खोटं काही नव्हतं. भावापायी गुरुजींनी परगावची बढती नाकारली होती. फार जीव होता त्यांचा त्याच्यावर.

“आधी जेवून घे,” बाबा म्हणाले.

दुपारी पंगत बसली. मठात एक रिवाज होता. दुसऱ्याच्या पानात बघायचं नाही. वाढपीसुद्धा “हवं?” एवढंच विचारी आणि पुढे जाई. थोडा पलीकडे शरद निवांत पिठलं-भाकरी खात होता.

बाबा मात्र आज पंगतीत बसले नाहीत. गुरुजींच्या पुढ्यात पाट मांडून ते टक लावून बघत राहिले.

“भाकरी त्या बाजूनं का मोडलीस?”

गुरुजी हसले.

“हसलास का?”

“सहजच, बाबा.”

“सहज कुणी हसतं?... रात्री झोप लागली होती?”

“लागली की.”

“नक्की? मग हात का थरथरतोय?”

हात थरथरत नव्हता. पण गुरुजींचं लक्ष हाताकडे गेलं आणि पिठलं सदऱ्यावर सांडलं.

“बघ, सांडलंस. आज तुझं लक्षण काही ठीक दिसत नाही.”

गुरुजी स्वतःशीच काहीतरी बोलले.

“कुणाशी बोलतोयस?”

आता मात्र गुरुजींनी हातातला घास पानात टाकला. पान सरकवून ते ताडकन उठले. पंगतीत कुणी मान वर केली नाही.

“पुरे करा, बाबा! मी काय वेडा आहे?”

बाबा म्हणाले, “नाहीस... अजून तुझं एकच जेवण झालंय.”