कमळांचा कागद आणि पट्ट्यांची सतरंजी

भिंतींना कागद चिकटवायची नवलाई होती, तेव्हाची गोष्ट. शशीताईंच्या बैठकीत कमळांचा कागद लागला आणि लगेच ऐट करू लागला. "इथे फक्त कमळंच शोभतात," तो म्हणाला.

शशीताईंनाही तसंच वाटलं. त्यांनी चौकडीचा पडदा ट्रंकेत टाकला, पट्ट्यांची सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली आणि पडद्यांपासून अभ्र्यांपर्यंत सगळं कमळांचं आणलं.

हळदीकुंकवाला बायका आल्या. वारा यावा म्हणून एकीने पडदा सारायला हात घातला, तो भिंतीलाच. खुर्च्या कमी पडल्या, तेव्हा शशीताईंनी सतरंजी अंथरली. तिच्यावर बसता बसता दुसरी म्हणाली, "अगंबाई, भिंतीवर कमळं आहेत होय? मघाशी दिसलीच नाहीत."

बायका गेल्यावर शशीताई सतरंजी गुंडाळू लागल्या. कागद हळूच म्हणाला, "सतरंजीबाई, जाऊ नका. तुम्ही गेलात की मी पुन्हा दिसेनासा होईन."

"मी राहीन हो," सतरंजी म्हणाली, "पण तिकडे ट्रंकेत चौकडीच्या पडद्याचा जीव गुदमरतोय."

शशीताईंनी खोलीभर नजर फिरवली, सतरंजी पुन्हा पसरली आणि ट्रंक उघडली.