काजव्यांना फ्लडलाइट

गावातली झाडं उन्हाळा सरताना काजव्यांनी लखलखायची. ती बघायला पाहुणे यायचे आणि त्यांच्या राहण्या-जेवणाच्या कमाईतून गावाच्या भातशेतीचा खर्च निघायचा.

पण पाहुणे पाठवणाऱ्या कंपनीचे जहागीरदारसाहेब ग्रामसभेत येऊन गरजले, "अंधारात कुठे धंदा वाढतो? झाडांवर फ्लडलाइट लावा, म्हणजे काजवे नीट दिसतील. नाहीतर मी पाहुणे दुसऱ्या गावाला नेतो!"

सरपंच ठकूबाई हसून म्हणाल्या, "साहेब, मग दिव्यांचा खर्च तरी कशाला? पाव्हण्यांना भर दुपारीच आणा की. लख्ख उजेड असतो!"

साहेब आधी ओशाळले, मग खो खो हसले, तेव्हा कुठे ठकूबाईंचा जीव भांड्यात पडला.

त्या हंगामात "बॅटऱ्या बंद करा!" म्हणून पाहुण्यांवर सगळ्यांत मोठ्याने ओरडत होते ते जहागीरदारसाहेबच.