चेअरमन गोल्फ शिकतात

एका गावात एक भोळा चेअरमन होता. दूध संघाचा. नाव रंगराव भोईटे. भोळा होता म्हणूनच लोकांनी त्याला चेअरमन केला होता. बोट ठेवाल तिथे सही करायचा.

रंगरावांच्या मुलीने, केतकीने, स्वतःच मुलगा पसंत केला. मुलगा गुणी होता. अडचण त्याच्या वडिलांची होती. ते रिटायर्ड कर्नल. त्यांनी निरोप धाडला, "बैठकीत माणूस कळत नाही. आधी एक डाव गोल्फ खेळू, मग लग्नाचं बोलू."

केतकी काकुळतीला आली. "बाबा, माझ्यासाठी एवढं शिकाच."

गावाशेजारच्या टेकडीवर गोल्फचं मैदान झालं होतं. तिथे रणदिवे सर शिकवायचे. रंगरावांनी काठी उचलली आणि साप मारावा तशी हाणली. चेंडू तळ्यात गेला. दुसरा मारला. तोही तळ्यात.

"चेअरमन, ताकद नको," सर म्हणाले. "डोकं वापरा."

रंगरावांनी काठी बाजूला ठेवली, गुडघे टेकले आणि कपाळाने चेंडू ढकलला.

"अहो, डोकं म्हणजे विचार!" सर ओरडले. "पाणी दिसलं की सरळ जायचं नाही. लांबून वळसा घालायचा."

रंगरावांनी ते मनात पक्कं केलं.

दुसऱ्याच दिवशी गावात नळाच्या पाण्याचं उद्घाटन होतं. रंगराव पाहुणे. त्यांनी तोटी फिरवली आणि भळाभळा पाणी आलं. पाणी दिसताच रंगराव वळले. टाकीमागच्या बाभळीतून लांबचा वळसा घालून थेट घरी आले. तिकडे सरपंच हार धरून उभेच.

"सरांनी सांगितलंय," रंगराव म्हणाले.

"अहो, ते तळ्याचं!" त्यांची बायको मालन त्यांच्या पायातले काटे काढत म्हणाली.

पुढच्या खेपेला सरांनी दुसरा धडा दिला. "चेंडू घालायच्या भोकात झेंडा लावलेला असतो ना, त्याला भुलू नका. तो मुद्दाम कडेला, वाळूच्या खड्ड्याशेजारी लावतात. झेंड्याकडे बघायचंच नाही. नजर हिरवळीच्या मधोमध."

मग आला सव्वीस जानेवारी. शाळेत झेंडा वर गेला. सगळ्यांच्या माना वर. रंगरावांनी मान खाली घातली आणि मैदानाचा मध्य शोधला. तिथे मुख्याध्यापक उभे होते. रंगरावांनी त्यांच्या पोटाला कडक सलाम ठोकला. चेअरमननी ठोकला म्हणून सगळ्या पोरांनीही पोटालाच ठोकला.

"सरांनी सांगितलंय," रंगराव म्हणाले.

मालनने कपाळाला हात लावला.

तिसरा धडा झाडीचा होता. "झाडीत अडकलात तर शूरपणा करू नका. आल्या वाटेने मागे या आणि मोकळ्यात निघा."

त्याच आठवड्यात संघाची वार्षिक सभा भरली. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "चेअरमन, पेंड महागली, मग दुधाचा भाव का उतरला?" रंगराव अडकले. त्यांनी हात जोडले, पाऊलपाऊल मागे सरकत दारापर्यंत गेले आणि मोकळ्यात निघाले.

या खेपेला मात्र कोणी हसलं नाही. उलट लोक म्हणाले, "चेअरमन आता तयार झाले."

कर्नलांबरोबर खेळायचा रविवार जवळ आला. सरांनी शेवटचा धडा दिला. "पहिला फटका चुकणार, असं धरूनच चाला. शहाणा खेळाडू पहिला मारायच्या आधी दुसऱ्याची सोय बघून ठेवतो."

निघताना मालनने बजावलं, "मैदानावरचं मैदानावरच ठेवा हो. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे."

"मैदानावरच ठेवतो," रंगराव म्हणाले. आणि खरंच ठेवलं. तळं आलं, वळसा घातला. झेंडा आला, पाहिलाच नाही. झाडीत गेले, गुपचूप मागे आले. कर्नल मात्र प्रत्येक फटका ताकदीने मारत होते. त्यांचे चेंडू तळ्यातल्या बेडकांना मिळाले.

कर्नल हरले, पण खूश झाले. "रंगराव, तुम्ही डोक्याने खेळता! व्याही असावा तर असा."

हिरवळीच्या कडेलाच टेबल मांडून चहा आला. मालन आली, केतकी आली, नवरामुलगा आणि त्याचा धाकटा भाऊही आला. केतकीचा चेहरा फुलला होता.

"मग," कर्नल म्हणाले, "काढायची ना लग्नाची तारीख?"

रंगरावांनी पायाखाली पाहिलं. हिरवळ होती. म्हणजे मैदानच.

"काढू की," ते म्हणाले. "पण आधी दुसऱ्याचं ठरवू."

"दुसऱ्या कशाचं?"

"केतकीच्या दुसऱ्या लग्नाचं. पहिलं चुकणार, असं धरूनच चालायचं."

कर्नलांचा कप ओठांशीच थांबला. केतकीने आईचा हात घट्ट धरला. मालन टेबलाखालून पाय दाबत होती, पण तो पाय कर्नलांचा होता.

रंगरावांनी शांतपणे धाकट्याकडे निरखून पाहिलं.

"उगाच लांब कशाला जायचं?" ते कर्नलांना म्हणाले. "ह्याचं कुठे जमवू नका. राहू द्या तसाच."